दोष रंगाचा नाही, फडक्याचा

स्वर्ल मार्क म्हणजे मोटारीच्या रंगाच्या अगदी वरच्या थरावर उमटलेले बारीक ओरखडे. सावलीत ते दिसत नाहीत. तिरपे ऊन किंवा पेट्रोल पंपावरच्या दिव्याचा झोत बॉनेटवर पडला, की त्या झोताभोवती चमकत्या रेघांची वर्तुळे दिसू लागतात आणि दोन वर्षांची गाडी दहा वर्षांची वाटते. या ओरखड्यांविषयीचा एक समज इतका रुजला आहे की गाडी विकणारे, धुणारे, कोटिंग करून देणारे आणि मालक असे सगळेच तो एकमुखाने सांगतात. हल्लीच्या गाड्यांचा रंग मऊ असतो, म्हणून ओरखडे पडतात. जर्मन गाड्यांचा कडक असतो, म्हणून त्यांना पडत नाहीत. आपल्या गाडीचा मऊ असेल तर त्यावर कडक कोटिंग चढवून घ्यावे, मग गाडी कशीही पुसली तरी चालते. यांपैकी पहिले विधान अर्धवट खरे, दुसरे बहुतांशी गैरलागू आणि तिसरे सरळ चुकीचे आहे. ओरखडा पडतो तो रंगावरून घासत नेलेल्या कणामुळे, आणि त्या कणापुढे मोटारीचा कोणताही रंग, मऊ असो वा कडक, टिकत नाही.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. फॉस्फेटची प्रक्रिया झालेला सांगाडा आधी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर सुमारे २० मायक्रॉनचा थर बसवतात. गंज रोखण्याचे काम त्याचे. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा प्रायमर येतो, मग १२ ते २० मायक्रॉनचा प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर. यालाच क्लिअर कोट म्हणतात. सगळे मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. शोरूममध्ये डोळ्यांत भरणारी चकाकी क्लिअर कोटची असते आणि स्वर्ल मार्कही त्यातच पडतात. खालच्या रंगापर्यंत ते पोचत नाहीत. त्यांची खोली बहुधा एका मायक्रॉनच्या आत-बाहेर असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असल्याने एवढासा चराही प्रकाश विखुरायला पुरतो.

हा क्लिअर कोट कशाचा बनलेला असतो, यावर पुढचा सगळा वाद अवलंबून आहे. तो काच नाही आणि धातूही नाही. ॲक्रिलिक रेझिन आणि मेलामाइन किंवा आयसोसायनेट यांची १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत वीस-तीस मिनिटे प्रक्रिया होऊन त्यांच्या रेणूंचे जे जाळे तयार होते, तो हा थर. जाळे घट्ट विणले की थर कडक होतो, सैल विणले की लवचीक राहतो. पण कसेही विणले तरी ते शेवटी एक प्रकारचे प्लास्टिकच असते.

रंगाचे काठिण्य मोजण्याची सर्वांत प्रचलित रीत पेन्सिलची आहे. ६बी, एचबी, एच, २एच अशा चढत्या क्रमाच्या पेन्सिली घेऊन, टोक सपाट घासून, ठरलेल्या वजनाखाली ४५ अंशांच्या कोनात त्या रंगावरून ढकलायच्या आणि कोणती पेन्सिल रंगावर चरा पाडत नाही ते पाहायचे. कारखान्यातले बहुतेक क्लिअर कोट या कसोटीत एचबी ते २एचच्या दरम्यान बसतात. खनिजांचे काठिण्य मात्र मोहच्या श्रेणीने मोजले जाते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिश मोह याने ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली; तिच्यात संगजिरे १ वर, गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर आहे. या दोन मापांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. त्यातली सर्वांत कडक, म्हणजे ९एच पेन्सिलसुद्धा गारगोटीवर चरा पाडू शकत नाही. तरीही कोटिंग विकताना ‘९एच’ हा आकडा ‘हिऱ्याच्या खालोखाल’ असल्यासारखा सांगितला जातो. ग्राहकाच्या मनात शाळेत शिकलेली मोहची श्रेणी असते आणि विकणाऱ्याच्या पत्रकात पेन्सिलीची. हा घोळ दूर करण्याची तसदी विकणारे घेत नाहीत, कारण त्यांची विक्री त्या घोळावरच चालते.

खनिजे आणि रंग एकाच मापावर ठेवायचे तर नूप काठिण्य घेता येते. त्यात अणकुचीदार हिरा ठरलेल्या जोराने दाबून पडलेला खड्डा मोजतात. वाळूतल्या गारगोटीचे नूप काठिण्य सुमारे ८२०. मोटारीच्या क्लिअर कोटचे दहा-पंधराच्या आसपास. म्हणजे कडक रंग आणि मऊ रंग यांच्यात दीडपटीचा फरक धरला, तरी वाळूचा कण त्या दोघांहून पन्नासपट कठीण राहतो. या अंतरापुढे मऊ-कडकच्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

हेच दुसऱ्या बाजूने, दाबाच्या हिशेबानेही पाहता येते. पुसताना हाताचा जोर फडक्यावर पसरतो, पण फडक्याखाली कण असला तर त्या ठिकाणचा सगळा भार कणाच्या टोकावर येतो. एका कणावर फक्त एक ग्रॅम भार आला आणि त्याच्या टोकाचे क्षेत्रफळ दहा चौरस मायक्रॉन धरले, तर तिथला दाब जवळपास एक गिगापास्कल होतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहा हजार पट. क्लिअर कोट यापेक्षा बऱ्याच कमी दाबाला कायमचा दबतो. त्याची सहनशक्ती एका गिगापास्कलच्या लहानशा हिश्शाएवढीच असते. ती दुप्पट केली तरी कण जिंकतो. हातात उरतात दोनच गोष्टी: कणावरचा भार कमी करणे, आणि मुळात कण फडक्याखाली येऊ न देणे. गाडी धुण्याचे सगळे शास्त्र यात आले.

आता महाराष्ट्रातल्या गाडीवर बसणारी धूळ कशाची असते ते पाहावे. दख्खनचे पठार बेसॉल्टचे आहे. त्यातले फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन मोहच्या श्रेणीवर साडेपाच-सहाच्या आसपास येतात, आणि त्याच्या पोकळ्यांत गारगोटी व कॅल्सिडोनी भरलेली असते. खडी क्रशरमधून निघणारी कृत्रिम वाळू हाच दगड फोडून बनते, त्यामुळे तिचे कण नदीच्या वाळूसारखे घासून गोल झालेले नसतात. ते धारदार असतात. रस्त्यांची, मेट्रोची आणि इमारतींची कामे चालू असलेल्या पुण्यासारख्या शहरात रात्रभर उभ्या गाडीवर हीच धूळ बसते. कोकणात जांभ्याची लाल धूळ. तिच्यातली लोहखनिजेही पाच-सहाच्या घरातली. किनाऱ्यावर पुळणीची वाळू. यांतले काहीही रंगाहून मऊ नाही. मऊ रंगाला दोष देणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीच्या टपावरची चिमूटभर धूळ काचेवर टाकून बोटाने घासून पाहावी.

‘जर्मन रंग कडक, जपानी मऊ’ हा समज पूर्णपणे निराधार नाही. वेगवेगळ्या गाड्यांच्या क्लिअर कोटमध्ये फरक असतो आणि पॉलिश करणाऱ्या कारागिराला तो हाताखाली जाणवतो: एखाद्या गाडीचा ओरखडा हलक्या पॉलिशने जातो, दुसरीला खरखरीत कंपाउंड आणि दोन-तीन फेऱ्या लागतात. मऊ क्लिअर कोटवर कोरडे फडके नुसते फिरवले तरी पुसट चट्टे उठतात, हेही खरे. पण हा फरक देशाप्रमाणे ठरत नाही. मोटार कंपन्या रंग स्वतः बनवत नाहीत. बीएएसएफ, पीपीजी, ॲक्साल्टा, कन्साई नेरोलॅक अशा मोजक्या उत्पादकांकडून तो अनेक देशांच्या कंपन्यांना जातो, आणि एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत, दोन वर्षांत तो वेगळा असू शकतो. एवढेच काय, एकाच गाडीवर दोन प्रकारचा रंग असतो. प्लास्टिकचा बंपर १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नाही. त्याचा रंग कमी तापमानाला वाळवतात आणि धक्क्यात तडकू नये म्हणून तो अधिक लवचीक ठेवतात. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेला दरवाजाही ६० अंशांच्या आसपास वाळवलेला असतो, म्हणजे कारखान्यातल्या रंगाहून वेगळा. तेव्हा ‘या गाडीचा रंग कडक आहे’ हे वाक्य कोणत्या गाडीच्या कोणत्या भागाविषयी आहे, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

शिवाय कडकपणा ही रंगाची एकमेव गुणवत्ता नव्हे. घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर आदळतो तेव्हा फार कडक थर टवका उडून फुटतो. थोडा लवचीक थर तो आघात जिरवतो. उन्हाने पत्रा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. थराला त्याच्याबरोबर ताणता यावे लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतले आम्ल, समुद्रकाठचे क्षार, अतिनील किरण हेही सोसावे लागते. रंगाचे रसायनशास्त्रज्ञ या सगळ्यांचा मेळ घालतात, त्यामुळे ‘मऊ’ रंग पुष्कळदा निष्काळजीपणाचा नव्हे, विचारपूर्वक केलेल्या निवडीचा परिणाम असतो. या निवडीची दोन टोके नोंदवण्याजोगी आहेत. २००३ साली मर्सिडीज-बेंझने अतिसूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला अधिक कडक क्लिअर कोट आणला. दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, निस्सानने निप्पॉन पेंटच्या साथीने अगदी उलटी वाट धरली: त्यांचा ‘स्क्रॅच शील्ड’ हा थर मुद्दाम लवचीक केलेला होता, आणि त्यावरचा बारीक ओरखडा तापमानानुसार एका दिवसापासून आठवड्याभरात आपोआप भरून येई. ओरखड्यांवरचा उपाय म्हणून एका मोठ्या कंपनीने रंग कडक न करता लवचीक केला, ही एक गोष्टच ‘कडक म्हणजे चांगला’ हे समीकरण मोडायला पुरेशी आहे. आज महागड्या गाड्यांवर चिकटवली जाणारी पारदर्शक फिल्म, जिला बाजारात पीपीएफ म्हणतात, तीही पॉलियुरेथेनची, रबरासारखी लवचीक असते. ती ओरखडे परतवते ते कडक असल्यामुळे नव्हे. दबून पुन्हा वर येते म्हणून.

काळ्या गाडीचा रंग इतरांहून मऊ असतो, असेही म्हणतात. एकाच कारखान्यातून निघणाऱ्या पांढऱ्या आणि काळ्या गाडीवर वरचा पारदर्शक थर बहुधा एकच असतो, आणि दोघींवर ओरखडेही सारखेच पडतात. पांढऱ्या रंगातून सर्व दिशांना इतका प्रकाश परत येतो की ओरखड्याने विखुरलेला थोडासा प्रकाश त्यात हरवतो. काळा रंग प्रकाश गिळून टाकतो. त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तोच ओरखडा उठून दिसतो. फरक दिसण्याचा आहे, पडण्याचा नाही. अपवाद क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांचा. जुन्या काही गाड्यांवर आणि मालवाहू वाहनांवर एकथरी साधा रंग असतो. तिथे वर रंगच उघडा असतो आणि पॉलिश करताना तो फडक्याला लागतो.

आणखी एक समज वर्तुळांचा. ओरखडे गोल दिसतात, तेव्हा हात गोल फिरवल्याने ते पडले असणार, म्हणून सरळ रेषेत पुसावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. बॉनेटवरचे ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात. त्यांपैकी जे ठरावीक दिशेने वळलेले आहेत तेवढेच दिव्याचा प्रकाश डोळ्यांकडे परत पाठवतात, आणि अशा चरांची मांडणी दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळासारखी दिसते. पानगळ झालेल्या झाडाआडून रस्त्यावरचा दिवा पाहिला तर फांद्याही तशाच त्याच्याभोवती गोल फिरल्यासारख्या वाटतात. दिवा हलवला की वर्तुळाचे केंद्रही त्याच्याबरोबर सरकते. हात गोल फिरवल्याने ओरखडे गोल झाले असते तर केंद्र जागेवरच राहिले असते. सरळ रेषेत पुसण्याचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, कारण एकाच दिशेचे ओरखडे एकाच कोनातून दिसतात आणि इतर वेळी लपतात. पण त्याने ओरखड्यांची संख्या एकानेही घटत नाही. मळक्या फडक्याने सरळ पुसलेली गाडी सरळ ओरखड्यांनी भरते.

कोटिंगकडे वळावे, कारण या क्षेत्रातला पैसा तिथे आहे. सिरॅमिक कोटिंग म्हणून जे विकले जाते ते सिलिका किंवा तत्सम सिलिकॉन संयुगांचे द्रावण असते. ते रंगावर चोळले की एखाद-दोन मायक्रॉनचा, पुष्कळदा त्याहूनही पातळ थर उरतो. त्याचे खरे फायदे आहेत आणि ते नाकारणे अन्यायाचे ठरेल. पाणी त्यावर थांबत नाही, चिखल घट्ट बसत नाही, पक्ष्यांची विष्ठा रंगापर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे घाण कमी घासता निघते. पण ओरखड्यांपासून कवच म्हणून तो निरुपयोगी आहे. ज्या खोलीचा ओरखडा पडतो, जवळपास तेवढीच या थराची जाडी. आणि त्याच्याखालचा आधार तोच मऊ क्लिअर कोट आहे, त्यामुळे कण दाबला की दोन्ही मिळून दबतात. ९एचचा दावा पेन्सिलीच्या कसोटीवरचा, हे वर आलेच. हजारो रुपये मोजून कोटिंग करून घेतलेली गाडी दुसऱ्या दिवशीपासून त्याच जुन्या फडक्याने पुसली गेली, तर काही महिन्यांत ओरखडे कोटिंगमध्ये दिसू लागतात. मग मालकाला सांगितले जाते की कोटिंगची ‘देखभाल’ करायला हवी, आणि तिचे वेगळे पैसे लागतात.

टेफ्लॉन कोटिंगची गोष्ट आणखी सोपी. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, आणि ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तव्यावर त्याचा थर बसतो तो त्याहून जास्त तापमानाला भाजून. मोटारीच्या रंगाला ते तापमान दाखवले तर रंग जळून जाईल. सर्व्हिस सेंटरमध्ये तासाभरात गाडीला जे लावतात ते पॉलिश असते. त्यात पीटीएफईचे कण असले तरी तव्यासारखा थर गाडीवर तयार होणे शक्य नाही. चकाकी येते ती पॉलिशमधल्या मेणाची आणि भरणद्रव्यांची, जी ओरखडे काही दिवस झाकतात आणि चार धुण्यांत निघून जातात.

झाकणे एक वेळ परवडते, दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घेणे परवडत नाही. ओरखडा ‘काढणे’ म्हणजे त्याच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट घासून खाली आणणे. एका जोरकस फेरीत दोन-चार मायक्रॉन जाऊ शकतात, आणि भांडवल एकूण पस्तीस ते पन्नास मायक्रॉनचे. ते सगळे खर्चायचेही नसते, कारण अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच थरात असतात; तो फार पातळ झाला की टपावर आणि बॉनेटवर पांढरे पोपडे धरू लागतात, आणि मग पुन्हा रंग देण्याखेरीज इलाज राहत नाही. त्यातही बफिंग मशीनवरचा लोकरी पॅड न धुतलेला असेल, तर ते मशीन जुने ओरखडे काढता काढता नवे पाडते. उन्हात दिसणारे लाटांसारखे चमकते पट्टे त्या मशीनचेच. पॉलिश हा अधूनमधून करायचा, जाडी मोजून करायचा उपाय आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात दर वेळी त्याची ओळ दिसत असेल, तर मालकाने ती खोडून घ्यावी.

मग ओरखडे नेमके कुठून येतात? पुण्या-मुंबईच्या बहुतेक सोसायट्यांत उत्तर रोज पहाटे पार्किंगमध्ये दिसते. एक माणूस, एक बादली, एक-दोन फडकी आणि चाळीस-पन्नास गाड्या. फडके पहिल्या गाडीच्या टपावरून फिरते, दारांवरून फिरते, खालच्या चिखलाळ पट्ट्यावरून फिरते, बादलीत बुडते, पिळले जाते आणि पुढच्या गाडीच्या बॉनेटवर येते. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत बादलीचा तळ मातीने भरलेला असतो आणि फडक्याच्या विणीत त्या सगळ्या गाड्यांची वाळू अडकलेली असते. हे वर्षातून तीनशेहून अधिक वेळा होते. कोणताही रंग, कोणतेही कोटिंग यापुढे उभे राहू शकत नाही. यात त्या माणसाचा दोष नाही. त्याला गाडीमागे महिन्याला मिळणारी रक्कम, हाताशी असलेला वेळ आणि पाणी यांत दुसरे काही करणे शक्यच नसते, आणि गाडी रोज पुसलेली हवी ही मागणी त्याची नाही, मालकाची आहे. रंगाला दोष देणे सोयीचे ठरते ते यासाठीच: तसे केले की ही रोजची मागणी कोणाला तपासावी लागत नाही.

रोज पुसण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की धूळ साचून राहिली तर रंग खराब होतो. कोरडी धूळ नुसती बसून रंगाचे काही बिघडवत नाही. बिघडवते ती घासली की. रंगावर थांबू न देण्यासारख्या वस्तू वेगळ्या आहेत: पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, चिरडलेले किडे, सिमेंटचे शिंतोडे, समुद्राचे खारे पाणी. त्या दिसताच काढाव्यात, पण ओले फडके पाच मिनिटे त्यावर ठेवून, मऊ पडल्यावर उचलून. बांधकामाशेजारी उभ्या गाडीवर सिमेंटची धूळ दवात भिजत असेल, तर तिथे लवकर धुणे रास्त आहे. तिथेही उपाय धुण्याचा आहे, पुसण्याचा नाही. झटकणीची गतही फडक्याचीच. मेणाचा हात दिलेली झटकणी धूळ धरून ठेवते हे खरे, पण धरलेली धूळ ती पुढच्या हाताच्या अंतरावर घासत नेते.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो गंभीर आहे. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुणे समर्थनीय नाही. पण नीट धुण्याला पाइप लागत नाही. रोज अर्धी बादली धरली तरी आठवड्याला तीन-साडेतीन बादल्या खर्ची पडतात. आठवड्यातून एकदा दोन बादल्या आणि हातपंपाच्या फवाऱ्याचे चार-पाच लिटर यांत गाडी व्यवस्थित धुऊन होते. आणि जिथे एका बादलीत चार-पाच गाड्या उरकल्या जातात, तिथे वाचलेल्या पाण्याची किंमत रंग मोजत असतो. न खळबळता वापरायचे शाम्पू आता सहज मिळतात; त्यांतली द्रव्ये कणांभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि आठ-दहा लिटरमध्ये काम भागते. गाडी चिखलाने माखलेली नसेल तर दुष्काळी भागात हीच रीत योग्य.

धुण्याची पद्धत वर सांगितलेल्या दोन गोष्टींतूनच निघते: कण फडक्याखाली येऊ न देणे आणि कणावरचा भार कमी करणे. सर्वांत आधी हात न लावता जेवढे कण निघतील तेवढे काढायचे: गाडी सावलीत, पत्रा थंड, आणि वरून खाली पाण्याचा फवारा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभ्या काळ्या गाडीचा टप हात ठेवता येणार नाही इतका तापतो. अशा पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो आणि तापलेला क्लिअर कोट नेहमीपेक्षा मऊही असतो. फवाऱ्यानंतर शाम्पूचा फेस किंवा शाम्पूचे पाणी शिंपडून काही मिनिटे थांबावे, म्हणजे चिकटलेली माती सुटते, आणि पुन्हा पाणी मारावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी. सर्वाधिक ओरखडे हात लावण्याआधी टाळता येतात, नंतर नाही.

मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. लांब लोंब्यांचा मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा घ्यावा. सपाट स्पंज आणि सुती फडके कण पृष्ठभागावरच दाबून ठेवतात. लोंब्यांमध्ये कण आत शिरतो आणि रंगापासून दूर राहतो. मोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून कण झटकायचे, मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. बादलीच्या तळाशी जाळी असेल तर बसलेली माती पुन्हा वर येत नाही. जोर लावायचा नाही. मोज्याच्या वजनापेक्षा जास्त भार लागत असेल तर त्याचा अर्थ घाण अजून भिजलेली नाही. क्रम टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा पट्टा, कारण सर्वांत जाड रेती तिथे असते. चाकांना वेगळी बादली आणि वेगळे फडके. ब्रेकमधून झडलेले लोखंडाचे कण तिथे असतात आणि ते रंगावर येता कामा नयेत. जमिनीवर पडलेला मोजा, कितीही झटकला तरी, त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये. भांडी घासण्याचे द्रावण वापरू नये, असे जे सांगतात ते बरोबर आहे. ओरखडे त्याने थेट पडत नाहीत, पण ते मेणाचा थर उतरवते आणि वाळूला सरकायला लागणारा बुळबुळीतपणा कमी करते.

वाळवण्यातही पुष्कळांची गाडी बिघडते. धुतल्यानंतर राहिलेला एखादा कण घट्ट दाबून ओढलेल्या फडक्याखाली पुन्हा तेच काम करतो. जाड मायक्रोफायबरचा पंचा अंथरून हलकेच टिपावे किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढावे. पाणी आपोआप वाळू देणे बोअरवेलच्या भागात महाग पडते: त्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने राहतात आणि उन्हात रंगात रुततात. ताजा ठिपका पातळ व्हिनेगरने जातो. जुन्याला पॉलिश लागते. पंचे कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये, कारण त्याने तंतू लेपले जातात आणि पाणी शोषत नाहीत.

वॉशिंग सेंटरमध्येही हीच कसोटी लावावी. तिथला प्रेशर पंप आणि फेस उपयोगी असतात. नुकसान त्यानंतर होते, जेव्हा दिवसभर सगळ्या गाड्यांवर फिरलेला एकच स्पंज आणि पाणी टिपण्याचा एकच शॅमॉय बाहेर येतो. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित धुलाईत आधीच्या गाडीची माती ब्रशमध्येच असते. ब्रश फोमचे असोत वा कापडाचे, त्याने फारसा फरक पडत नाही. आपला मोजा आणि आपला पंचा बरोबर नेऊन तोच वापरायला सांगणे, यात संकोच करण्यासारखे काही नाही.

गाडी नवी असो वा जुनी, कोटिंगच्या दुकानात जाण्याआधी मालकांनी सोसायटीच्या बैठकीत एवढेच ठरवून घ्यावे: गाडी पुसणाऱ्याचे महिन्याचे पैसे तेच ठेवावेत, त्याला प्रत्येक गाडीसाठी वेगळा मोजा आणि दोन बादल्या द्याव्यात, आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा गाडी धुण्याचे काम सांगावे.